चालून दाखवा

अन्याय झाला तो सुभद्राबाईंवर. शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अमरावतीतल्या एका शाळेच्या वर्गात. दिव्यांग तपासणीचं शिबिर होतं. टेबलामागे डॉक्टर मॅडम, समोर दोरीवर टाकलेला चादरीचा पडदा, पडद्यापलीकडे बाहेर पडायचं दार. मॅडम म्हणाल्या, "चालून दाखवा." सुभद्राबाईंनी पदर सारखा केला, मान खाली घातली आणि टेबलापासून पडद्यापर्यंत चालून दाखवलं. सात पावलं. त्या पडद्याआड पोचायच्या आधीच मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं. चाल सामान्य. पुढचं नाव.

सुभद्राबाई आमच्या गल्लीतल्या, मी त्यांना काकू म्हणते. मूळच्या दर्यापूरकडच्या. तिकडे एकदा काळी-पिवळी जीपच्या मागच्या फळीवर उभ्या राहून येत होत्या, जीप उसळली, त्या पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड जुळलं ते वाकडंच. घरकुलाच्या सोडतीत त्यांना तिसरा मजला लागला. लिफ्ट नाही. तळमजल्यावरचं घर बदलून मिळतं, पण त्याला प्रमाणपत्र लागतं. म्हणजे 'चाल सामान्य' या दोन शब्दांचा अर्थ होता बावन्न पायऱ्या. उतरताना बावन्न, चढताना बावन्न. जमत नसेल तर वरच खिडकीशी बसून राहायचं, मरेपर्यंत.

सात पावलं, बावन्न पायऱ्या, अकरा वीस. हे एवढं नेमकं मला नंतर विचारून, मोजून का होईना सांगता येतं, याचं श्रेय माझं नाही. मी मोर्चांची पत्रकं लिहिणारी. माझ्या पत्रकात अन्याय असायचा आणि तो अक्षम्य असायचा, पण तो किती वाजता झाला हे नसायचं. ती सवय मला सरांनी लावली.

सर अमरावतीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. प्राध्यापक नव्हते. दर वर्षी नव्यानं अकरा महिन्यांची ऑर्डर घ्यायचे. राहायला अकोल्याला, रोजचं येणं-जाणं एसटीनं. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते आमच्याच मोर्चात. एका पायात चामड्याची चप्पल, दुसऱ्या पायात बूट. मला वाटलं, कुणी डोकं फिरलेला, बयाड माणूस आत शिरला. मोर्चा संपल्यावर तो बयाड माणूस सरळ माझ्याकडे आला.

"मोर्चा तुमचाच काय?"

"हो. धडक मोर्चा."

"धडक?" त्यांनी खिशातून कागद काढला. "इर्विन चौकापासून कचेरीपर्यंत मी तुमच्यासंगं चाललो. सेकंदाले अर्धा मीटर. त्यात टपरीपाशी अकरा मिनिटं उभे. लग्नाची वरात याच्याहून जोरात जाते बाप्पा."

"मग काय लिहू? मंद मोर्चा?"

"मानसं किती होते?"

"हजारो."

"एकशे बारा. चौकात उभा राहून मोजले. एकशे बारा मानसं एवढ्या उन्हात चालले, हे काय कमी हाय? तेच लिहजो ना. आदी आकडा सांग, मंग चिडजो."

मला भयंकर राग आला. पण त्या रात्री मी पत्रकात एकशे बारा लिहिलं, आणि पहिल्यांदाच कचेरीतून कुणी 'एवढे नव्हते' असं म्हणालं नाही.

पायात दोन वेगळ्या वस्तू का, हे विचारायचं राहिलं होतं. पुढच्या भेटीत विचारलं. म्हणाले, "चपलेत मानूस कसा चालते अन् बुटात कसा चालते, ते पाहून राहिलो. एकाच मानसावर पाह्यलेलं बरं. नाई तं लोक म्हनतीन, मानूसच बदलला." कॉलेजनं यावर त्यांना मेमो दिला होता: पादत्राणे एकसारखी असावीत. सरांचं लेखी उत्तर होतं: चप्पल की बूट ते कळवावे, त्याप्रमाणे मोजणी पुन्हा करतो.

त्यांचं खरं शिक्षण झालं होतं काट्यांवर. अकोल्याच्या धान्यबाजारात अडत्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचे. काट्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो, वजन पडलं की तो केसाएवढा वाकतो आणि आकडा उमटतो. एकदा एक हमाल पाठीवर पोतं घेऊन काट्यावर उभा राहिला, आकडा उमटला, आणि हमाल उतरून चालू लागला. सर सांगायचे, "मी म्हटलं, उभ्या मानसाचं वजन कळते, चालत्याचं काहून नाई कळत? पोतं तेच, मानूस तोच. पन टाचेवर किती पडून राहिलं, चवड्यावर किती पडून राहिलं, हे कोनाले मालूम?"

तेव्हापासून ते पायांच्या मागे लागले. कॉलेजातली जुनी खोली त्यांनी मागून घेतली. चपलेच्या तळाच्या आकाराचा फोम कापायचा. त्यात नाण्याएवढ्या पातळ चकत्या बसवायच्या: टाचेखाली, बाहेरच्या कडेला, चवड्याखाली, अंगठ्याखाली. पाय पडला की चकतीला दाब कळतो. चपलेच्या पट्ट्याला साबणाची डबी बांधलेली, तिच्यात सगळी वायर आणि बॅटरी, आणि ती डबी सगळी खबर बिनतारी लॅपटॉपला देते. टाच कधी टेकली आणि तीच टाच पुन्हा कधी टेकली, एवढं कळलं की वेळ मिळाली. अंतर ते आधीच मोजून ठेवायचे. फरशीवर कबड्डीच्या मैदानाची पांढरी फक्की पसरायची, माणसाला हळू, मध्यम आणि जोरात चालवायचं, मग गुडघ्यांवर बसून ठशांना टेप लावायची. अंतर भागिले वेळ. "पाचवीतलं गनित हाय," ते म्हणायचे, "यात माहं डोकं काईच नाई." कॉलेजभर पांढरी पावलं उमटलेली असायची आणि शिपाई सरांना रोज शिव्या घालायचा.

मान वर न करता ते पावलांवरून माणूस ओळखायचे. मी दारात पोचायच्या आधी आतून आवाज यायचा, "ये पत्रकवाली. आज उजवी टाच काहून टेकत नाई?" चपलेचा खिळा वर आलेला असायचा. एकदा मला म्हणाले, "कालच्याहून हळू आली, घरी जा, ताप हाय." मला काही जाणवत नव्हतं. संध्याकाळी खरंच ताप भरला.

गाडीवर मागे बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. "बसल्या मानसाचा वेग त्याचा नसते." एसटी मूर्तिजापूरला थांबली की खाली उतरून गाडीभोवती चकरा मारायचे. सगळे कंडक्टर त्यांना ओळखत, फक्त एकदा नवा माणूस होता आणि गाडी यांना टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, माझी चकर बरोबर होती, गाडी आधी सुटली. एकदा मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं ज्वारीच्या भाकरीवर ठेचा वाढला आणि सरांचं गाऱ्हाणं मांडलं. "साऱ्या गावाच्या पायाले मशीन लावली यानं. मले नाई लावली. म्हनते, तुही चाल मले पाठ हाय." बोलताना लाजल्या. पन्नाशीच्या बाई.

तर त्या शनिवारी मी शिबिरातून थेट सरांकडे गेले. पत्रक डोक्यात तयार होतं. निर्दयी यंत्रणा, आंधळे प्रशासन, सगळं.

"काकू किती जोरात चालल्या?" सरांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी दाराबाहेर उभी होते."

"म्हंजे डाक्टरनं तरी पाह्यलं, तू तं तेबी नाई पाह्यलं. मंग लिहून काय राहिली? सोमवारी घेऊन ये त्याईले."

सोमवारी काकूंच्या चपलांत चकत्या बसवल्या, डबी बांधली आणि सर आत जाऊन लॅपटॉपसमोर बसले. काकू आल्या, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा चकरा मारल्या. पडद्यावर सरळ रेघ. शून्य. सरांनी बॅटरी बदलली. शून्य. वायर उकलून पुन्हा जोडायला ते डबी आणायला उठले, तेव्हा दारात बसलेला शिपाई म्हणाला, "सर, बाईच्या चपला भायेर हाये ना."

काकूंनी दाराशी चपला काढल्या होत्या. इकडे दुसरं कोण काय करतं? आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी चपला काढून आत येणं हे आमच्या डोळ्यांना दिसतच नाही.

"माय, चपला घालून या ना वो आत!"

"असं कसं भाऊ? इथं तुमचं पोरं शिकवाचं काम चालते. चपला घालून कशी येऊ?"

सरांनी दहा मिनिटं समजावलं. मग पुठ्ठा घेतला, मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चपला घालूनच आत यावे', आणि दारावर चिकटवला. काकूंनी पाटी वाचली, मान डोलावली, आणि पाटीखाली चपला काढून आत आल्या.

सर हसले नाहीत. ते विचारात पडले. म्हणाले, "म्हंजे त्या शिबिरातबी त्याईनं चपला भायेरच काढल्या असतीन. चपलीत मशीन ठेवून उपयोगच नाई." ते बाजारात गेले आणि शाळेच्या पोरांचे पांढरे मोजे घेऊन आले. दोन दिवस बसून मोज्यांच्या तळाला चकत्या हातानं शिवल्या. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा मोजे घातले. "या वयात शाळेत घालता काय मले?" म्हणून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

मग सर टेबलामागे बसले, हुबेहूब साहेबासारखे, आणि म्हणाले, "चालून दाखवा."

काकू चालल्या. पडद्यावर आकडा आला: सेकंदाला एक मीटर. म्हणजे माझ्याएवढा. माझा चेहरा पडला. सरांनी पुन्हा चालवलं. तेवढाच. तिसऱ्यांदाही तेवढाच. सर म्हणाले, "बसा माय. पानी प्या भायेर जाऊन." माठ व्हरांड्यात होता. काकू गेल्या.

मशीन बंद करायची सरांना सवयच नव्हती. मी वैतागून खिडकीबाहेर बघत होते, तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली. रेघ बदलली होती. व्हरांड्यात पोचल्यापासून वेग निम्म्याच्याही खाली. उजवी टाच टेकतच नव्हती, सगळा भार डाव्या पायावर. मग वेग शून्य, आणि डाव्या पायावरचा दाब तसाच, बराच वेळ. आम्ही दारातून डोकावलं. काकू माठाशी भिंतीला हात लावून, उजवा पाय उचलून उभ्या होत्या. पाणी प्यायल्या नव्हत्या. दम सावरत होत्या.

"माय, आत एवढ्या भरभर काहून चालल्या?" सरांनी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "काहून म्हंजे? चार मानसं बसले असले का बाईनं पटकन निंगून जा लागते ना. घासत घासत कोन जाईन त्याईच्या समोरून? लगन झालं तवापासून तेच करून राहिली मी. ओसरीत सासरा बसला, का दीर बसला, का पावने बसले. मान खाली अन् झपझप."

सर परत टेबलाशी आले. मग हळूच म्हणाले, "इतके साल मी चाल मोजतच नवतो. हजेरी मोजून राहिलो होतो." त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या, त्यांच्या सगळ्या मोजण्यांच्या, आणि एकेका वहीच्या पहिल्या पानावर पेनानं लिहीत गेले: मोजताना मी समोर बसलो होतो.

यानंतर आमचं भांडण झालं. पुढच्या शिबिरासाठी कागद तयार करायचा होता. मी म्हटलं, व्हरांड्यातला भाग तेवढा छापू. आतला कशाला? त्यांच्याच हातात पुरावा द्यायचा का? ते म्हणतील, आम्ही हेच तर लिहिलं होतं.

"खरंच लिहिलं होतं त्याईनं," सर म्हणाले. "सात पावलं सामान्यच होते. डाक्टर खोटी नाई, काकू खोट्या नाई. तरीबी साराच कागद खोटा. हेच तं सांगाचं हाय."

"सर, हे तिसऱ्या मजल्याचं प्रकरण आहे. तुमचा प्रयोग नाही."

"अर्धा कागद देशीन तं तुह्यात अन् त्या पेनात फरक काय?"

मी आठ दिवस त्यांच्याकडे गेले नाही. नवव्या दिवशी गेले. सरांनी पूर्ण कागद छापून, दोन्ही रेघा एकाखाली एक लावून ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'समोर' आणि 'मागे'.

दुसरं शिबिर चार महिन्यांनी लागलं. तीच शाळा, त्याच मॅडम, तीच चादर. काकूंनी चपला बाहेर काढल्या आणि पांढरे मोजे घालून आत गेल्या. या वेळी मी आणि सरही आत. सरांच्या दोन्ही पायांत त्या दिवशी एकसारखे बूट होते. मला ते बघून कसंतरीच झालं. मॅडमनी कागद हातात घेतला, उलटला.

"हे कुठल्या लॅबचं आहे? मान्यता आहे का याला?"

"नाई," सर म्हणाले.

"मग मी हे जोडू शकत नाही."

माझ्या घशाशी घोषणा आली होती. सरांनी कागद परत घेतला, नीट घडी केली, खिशात ठेवला.

"नका जोडू मॅडम. पाहूबी नका. फक्त त्याईले चालून दाखवा म्हना, अन् त्या पडद्यामांगं गेल्या का तुमी खुर्चीवरून उठा."

"बाहेर साठ लोक बसलेत."

"मले मालूम हाय. एक मिनिट लागते. मी घड्याळ लावून सांगतो."

मॅडम चिडल्या होत्या, ते दिसत होतं. दोन रात्रींची झोप नसल्यासारखा चेहराही होता, तो मला पहिल्या वेळी दिसला नव्हता, कारण मी बघितलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "चालून दाखवा, मावशी."

पदर सारखा. मान खाली. झपझप सात पावलं, पडद्याआड. आणि खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज झाला. मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांनी चादर बाजूला केली.

काकू फळ्याला तळहात टेकून उभ्या होत्या. उजवा पाय अधांतरी. दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडात धरलेला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाई दिसल्याबरोबर त्यांनी फळा सोडला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"काई नाई बाई. चालली मी."

मॅडमनी त्यांचा दंड धरला, बाकावर निजवलं आणि स्वतःच्या हातांनी खुबा तपासला. बारा मिनिटं. सरांनी मोजली. बाहेरचे साठ लोक थांबले, कुणीही ओरडलं नाही. प्रमाणपत्र झालं. काकू आता तळमजल्यावर राहतात आणि दारात तुळस लावलीय.

शाळेच्या फाटकाबाहेर मी सरांना म्हटलं, "दोन दिवस बसून मोजे शिवले तुम्ही. मशीन तर वापरलीच नाही."

"कोन म्हनते?" ते म्हणाले. "मशीन मॅडमले खुर्चीवरून उठवाले होती. उठल्या ना?" आणि बसस्टँडकडे चालू लागले. रस्त्यात एका पायातला बूट काढून पिशवीतली चप्पल घातली.

पुढच्या वर्षी कॉलेजनं त्यांना ऑर्डर दिली नाही. अभ्यासक्रमाबाहेरची कामं करतात, असं कारण. अकरा वर्षं, दर वर्षी अकरा महिने, आणि एका गुरुवारी दुपारी तीन वाजता खोलीची किल्ली मागून घेतली. खोलीत आता मोडकी बाकं आहेत, दाराला कुलूप आहे, आणि कुलपाच्या वर अजून पाटी आहे: चपला घालूनच आत यावे. मी यावर जळजळीत पत्रक लिहिलं. सरांनी ते वाचून त्यातून पाच विशेषणं काढली आणि दुपारचे तीन तेवढे ठेवले. ते आता अकोल्यात पुन्हा काटे दुरुस्त करतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, जिना चढत होते, तर वरून आवाज आला, "पत्रकवाली, आज भल्ली जोरात येऊन राहिली. कोनावर चिडली?"

चिडले होतेच. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात आणखी एक शिबिर झालं होतं. मी दाराशी उभी राहून मोजलं. सदतीस माणसं त्या चादरीमागे गेली. खुर्ची एकदाही घासली नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही डॉक्टर नसाल, पण कुठल्या तरी टेबलामागे बसत असाल. नाहीतर घरात सोफ्यावर बसून सासूला, कामाला येणाऱ्या बाईला, "बऱ्या आहात ना?" असं विचारत असाल, आणि त्या "हो" म्हणून तुमच्यासमोरून झपझप निघून जात असतील. मला तुमची सही नको, निवेदनाला पाठिंबा नको. पेन खाली ठेवा. खुर्चीवरून उठा. चादर बाजूला करा आणि त्या कशा उभ्या आहेत ते बघा.

एक मिनिट लागतं. मोजलेलं आहे.